नाव झाकलेला निबंध

दुसरं पान संपायच्या आतच सुकेशनीला कळलं, हा निबंध प्रांजलीचा आहे.

नाव कुठंच नव्हतं. भूजल परिषदेला येणाऱ्या निबंधांवरची नावं झाकून मगच ते परीक्षकांकडे द्यायचे, असं ठरल्यावरचं हे पहिलंच वर्ष. ते ठरावं म्हणून समितीत भांडली होती ती सुकेशनीच. बाईचं नाव असलं की निबंध पोस्टर होऊन भिंतीला लागतो आणि पुरुषाचं असलं की व्यासपीठावर जातो, हे तिनं मागच्या परिषदांचे आकडे मांडून दाखवलं होतं. ‘लेखक ओळखू आल्यास परीक्षकानं बाजूला व्हावं’ ही ओळही तिचीच.

निबंध खुलताबादकडच्या अंगणांतल्या विहिरींवर होता. पहाटे पहिली बादली पडायच्या आत पातळी मोजायची आणि घरातल्या बाईला विचारायचं, काल सांजेला किती घागरी काढल्या? तेवढा उपसा धरला की खरी पातळी निघते. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. शिकत असताना प्रांजलीच्या स्कूटीवरून गावं पालथी घालताना दोघींनी ती बसवली होती. तेव्हा दोघींनी परिषदेला पाठवलेल्या निबंधावर परीक्षकानं शेरा मारला होता, ‘घरच्या बायकांच्या सांगण्यावर शास्त्र उभं राहत नाही.’ पुढच्या वर्षी तेच काम त्यांना शिकवणाऱ्या सरांनी स्वतःच्या नावानं वाचलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. प्रांजली त्या दिवशी चहालाही थांबली नाही. मग तिचं लग्न झालं, नंबर बदलला, आणि सुकेशनीला ती पुन्हा कधी दिसली नाही.

तिच्या घराखाली, शहरातल्या गारखेड्याच्या गल्लीत टँकर आला होता. शेजारच्या नव्या इमारतीचं बोअर नुसतीच धूळ वर फेकत होतं. सुकेशनी मात्र एकेक वाक्य पुन्हा वाचत होती. वाचून संपलं की प्रांजली पुन्हा निघून जाणार, असं काहीतरी तिला वाटत होतं.

शेवटी तिनं समितीच्या अध्यक्षांना, सुदर्शन सरांना फोन लावला.

“बरं झालं मॅडम, तुम्हीच केलात,” ते म्हणाले. “तो विहिरींचा निबंध. एक हो म्हणतोय, एक नाही. तुमच्यावर अडलंय. गडी धाडसी आहे हां! पहाटे लोकांच्या अंगणात शिरतो म्हणजे काय!”

“गडी कशावरून, सर?”

“मग काय बाई?” ते मोठ्यानं हसले. “तुमचं मत सांगा.”

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. कुणाला कळलंही नसतं.

“मला यातून बाजूला करा. लेखक माझ्या ओळखीचा आहे.”

“अरेच्चा! कोण?”

“ते सांगायचं नाही, सर. मग झाकलं कशाला?”

“तुमचा नियम तुमच्याच गळ्यात आला म्हणायचा,” सर म्हणाले आणि निबंध दुसऱ्या कुणाकडे गेला.

त्या दुसऱ्यानं तो नाकारला. उपकरणं नाहीत, माहितीचा आधार ऐकीव. नाकारलेल्या निबंधांची नावं कधीच उघडत नसत. निकाल लागला त्या रविवारी सुकेशनी खुलताबादची बस धरून निघाली. आता त्या नियमानं राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निबंधातली एक विहीर तिनं खडकाच्या वर्णनावरून ओळखली होती. शिकत असताना दोघी जिथं पाणी मोजायच्या, त्या लक्ष्मीबाईंची. मावशी अंगणात शेळीला पाला टाकत होत्या.

“कोण गं तू? ...अगं बया, सुकेशनी! लई वाळलीस. शहरात खायाला मिळत नाय व्हय?”

“मावशी, इथं पाणी मोजायला कुणी येतं का?”

“आता हे काय इचारनं? तुझीच जोडीदारीण. इस्कुटी नाय आता, एसटीनं येती. शाळेत शिकवती जवळच. उन्हाळी सुट्टीभर हिकडंच असती.”

सुकेशनी विहिरीच्या काठावर बसली.

“माझं नाव काढते का कधी?”

“सारखं. म्हनली, मावशे, कागद धाडलाय मोठ्या परिषदेला. नाव नाय घालू देत म्हनं. तरी सुकेशनी हाय तिथं, तिच्या हाती पडला तर वळखंल ती. बाकीच्यांनी वळखलं नाय तरी चालंल.”

सुकेशनीनं विहिरीत वाकून पाहिलं. तळाशी हातभर पाणी होतं.

“पडला का गं तुझ्या हाती?”

“पडला.”

“मंग? झालं का तिचं काम?”

“नाही झालं, मावशी. मी ओळखलं, म्हणूनच नाही झालं.”

लक्ष्मीबाईंनी पाल्याची काडी खाली टाकली. त्यांना ते कळलं नव्हतं. कुणाला सांगून कळण्यासारखं नव्हतंच. एकीला सोडून.

“आज पल्याडच्या वाडीला मुक्काम हाय तिचा, पहाटं यील ती,” त्या म्हणाल्या. “शेवटची बस जाईल आता. थांबतीस का निघतीस?”

“थांबते,” सुकेशनी म्हणाली. “तिनं मला दारातून हाकललं तरी चालेल. पण हे तिला माझ्याकडूनच कळू दे.”