सतरा नंबरचा बदली बॅटर

पंचांची चिठ्ठी हातात आल्याशिवाय माइकवर कुणाचंही नाव घ्यायचं नाही, हा तोमिएबाई कामोशिदांचा नियम. इबाराकीच्या बेसबॉल मैदानावर त्या चौतीस वर्षं निवेदिकेच्या खुर्चीत बसल्या, पण हा नियम कधी मोडला नाही. एकदा कुणा बड्या पाहुण्याचा नातू खेळायला उतरला होता. शाळेचे शिक्षक धावत आले, म्हणाले, "बाई, पटकन नाव घ्या, साहेब निघालेत." बाई म्हणाल्या, "चिठ्ठी?" चिठ्ठी येईपर्यंत साहेब गाडीत बसून गेलेसुद्धा. शिक्षकांनी महिनाभर बाईंशी अबोला धरला, आणि बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

नाव घेण्याचीही त्यांची एक रीत होती. मुलगा बाकावरून उठतो, हेल्मेट सारखं करतो आणि बॅटिंगच्या जागेपर्यंत चालत येतो. त्याचं नाव त्या सगळ्या चालीला पुरलं पाहिजे. आधी आडनाव, त्याला जोडून शाळेच्या खेळात लावतात ते ‘कुन’, मग पाठीवरचा नंबर. घाईत नाव उरकलं तर पोरगं अर्ध्या वाटेत एकटं पडतं, असं त्या हाताखालच्या मुलींना बजावून सांगायच्या. मुली माना डोलवायच्या आणि बाईंची पाठ वळली की त्यांची नक्कल करायच्या.

साठाव्या वर्षी खुर्ची सुटली आणि बाई नवऱ्याच्या शेडमध्ये आल्या. योनेजींचा धंदा वाळवलेल्या रताळ्यांचा. हिवाळाभर रताळी उकडायची, गरम असतानाच सोलायची, कापून जाळ्यांवर मांडायची आणि समुद्राच्या वाऱ्यावर वाळवायची. काम चांगलं होतं, तोंड चालवत करता यायचं. योनेजींचं तोंड तर कामापेक्षा जास्त चालायचं.

अशात एका सकाळी तोक्योहून फोन आला. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी एक कंपनी बेसबॉलचा खेळ बनवत होती. त्यात शाळांची उन्हाळी स्पर्धा होती, आणि तिला खऱ्या मैदानावरचा आवाज हवा होता. कुणीतरी त्यांना बाईंच्या निवेदनाची जुनी कॅसेट ऐकवली होती.

"म्हणजे आता टीव्हीच्या आतून ओरडणार तू," योनेजी म्हणाले.

"मी ओरडत नाही हो. मी निवेदन करते."

"तेच ते. घरात बटण दाबून बंद करता येईल, एवढाच फरक."

बाई हसल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी रताळी जरा जास्तच झपाझप सोलली. पुन्हा माइकसमोर बसायचं म्हणून त्या मनातून हरखून गेल्या होत्या.

नावांची यादी टपालानं आली. आठशे साठ आडनावं. खेळणाऱ्यानं आपल्या मनासारखा एक मुलगा तयार करायचा, त्याला आडनाव द्यायचं, आणि ते यादीत असलं तर खेळात ते पुकारलं जाणार. बाईंनी चष्मा लावला आणि तोक्योला निघालेल्या आगगाडीत यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. ‘का’पाशी आल्यावर त्यांचं बोट हळू झालं. कामेदा, कामोई, आणि पुढे एकदम कायानो. कामोशिदा नव्हतं. त्यांच्या भागात कामोशिदा गल्लीगल्लीत सापडतात, पण सगळ्या देशाचा हिशेब लावला तर कोण विचारतो. त्यांनी पान पुन्हा एकदा पाहिलं, न जाणो नजरेतून सुटलं असेल. मग यादी पिशवीत ठेवून दिली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आता एवढं वाईट वाटण्यासारखं त्यात काय होतं, ते सांगायला तेरा वर्षं मागं जायला हवं.

बाईंचा मुलगा शूहेई शाळेच्या संघात होता. तीन वर्षं त्यानं मैदान झाडलं, बॉल पुसले, रोज संध्याकाळी मातीत लोळून कपडे आणले, पण एकाही खऱ्या सामन्यात उतरला नाही. शेवटच्या उन्हाळ्यात त्याला पाठीवर सतरा नंबर मिळाला आणि बाकावर जागा मिळाली. पहिल्याच सामन्यात संघ नऊ धावांनी मागे पडला. अशा वेळी आपल्याकडे प्रशिक्षक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या डावात शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकेक करून बदली बॅटर म्हणून पाठवतात. जिंकायला नव्हे, आठवण म्हणून. एकदा तरी मैदानावर नाव पुकारलं जावं, आईबापांच्या कानावर पडावं, एवढ्यासाठी.

शेवटचा डाव, एक जण बाद, एक मुलगा पहिल्या बेसवर. अंधारून येत होतं म्हणून पंचांनी दोन बदली बॅटरांची नावं एकाच चिठ्ठीवर लिहून पाठवली. ओताके, आणि त्याच्याखाली कामोशिदा. बाईंनी ओताकेचं नाव घेतलं आणि त्याच्यापुढे लाल पेन्सिलीनं खूण केली. काचेतून त्यांना शूहेई दिसत होता, हेल्मेट घालून, बॅट मांडीवर ठेवून, आपल्या पाळीची वाट बघत गुडघ्यावर बसलेला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. आवाज इतर मुलांच्या नावासारखाच लागला पाहिजे, असं त्या स्वतःला सांगत होत्या. ओताकेनं पहिलाच बॉल जमिनीवर मारला, तो थेट दुसऱ्या बेसजवळच्या मुलाच्या हातात गेला, आणि पहिल्या बेसवरचा मुलगा आणि ओताके दोघंही बाद. तिघं बाद की डाव खलास. सामना संपला. सामना संपल्याचा भोंगा वाजवण्याचं बटण निवेदिकेच्या टेबलावर असतं. बाईंनी ते आपल्या हातानं दाबलं.

त्या रात्री शूहेई तीन वाट्या भात जेवला आणि झोपला. त्या सामन्याबद्दल तो काही बोलला नाही, त्याही काही बोलल्या नाहीत, आणि मग बोलायचं राहूनच गेलं. आता तो एकतीस वर्षांचा होता, मितोला गॅसच्या टाक्या पोचवायचा, दर रविवारी घरी येऊन बापाला मदत करायचा. चांगला होता. पण सामन्याच्या अधिकृत कागदावर, खेळलेल्यांत, त्याचं नाव कुठंच नव्हतं, आणि ते बाईंना तेरा वर्षं सलत होतं.

असो. तोक्योतल्या स्टुडिओत हिबिनो नावाचा तरुण दिग्दर्शक होता. पहिल्या दिवशी बाईंनी सत्तर नावं वाचली. हिबिनोनं डोकं खाजवलं.

"कामोशिदा-सान, रागावू नका. शब्द अगदी स्वच्छ येतायत. पण कॅसेटवर होतं तसं नाही येत. फोन नंबरांची वही वाचल्यासारखं वाटतंय."

"वहीच वाचतेय मी," बाई फणकारल्या. "समोर कोणी चालत येत असेल तर नाव घेईन ना! इथं समोर भिंत आहे. भिंतीला कुन म्हणू?"

हिबिनो गोरामोरा झाला. पण पोरगा कामाचा होता. त्यानं कोपऱ्यातली छत्री उचलली, बॅटसारखी खांद्यावर टाकली आणि काचेपलीकडून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागला. बाईंनी तीन नावं घेतली आणि हात वर केला.

"असा बाजारातून भाजी आणल्यासारखा चालू नका. पहिल्यांदा बॅटिंगला निघालायत तुम्ही. सगळं मैदान तुमच्याकडे बघतंय."

चाळीस नावांनंतर हिबिनोच्या पायांत गोळे आले. बाई म्हणाल्या, बसा आता, मी बघते. त्यांनी डोळे मिटले. आणि कोण आलं म्हणता? सतरा नंबर. गुडघ्यावरून उठला, पँटवरची माती झटकली, हेल्मेट सारखं केलं आणि चालू लागला. बाईंनी त्याच्या चालीवर ‘आबे-कुन’ म्हटलं. काचेपलीकडे हिबिनो ताठ बसला आणि दोन्ही हातांनी खुणावू लागला, हेच, हेच.

पुढचे तीन दिवस बाईंनी उरलेली सगळी नावं त्याच एका मुलाकडे बघत घेतली. प्रत्येक वेळी तो उठायचा, चालत यायचा आणि भलत्याच कुणाच्या नावावर उभा राहायचा. त्याची काही तक्रार नव्हती. बाईंना मात्र शेवटी शेवटी अपराध्यासारखं वाटू लागलं.

निघताना हिबिनोनं कमरेत वाकून नमस्कार केला. "अजून काही राहिलंय का? काही घ्यायचं असेल तर आत्ता घेऊ."

बाईंच्या ओठांवर आलं होतं. एकच नाव, तीन सेकंद. तो नाही म्हणाला नसता. पण यादीत नसलेलं नाव मागून घ्यायचं म्हणजे चिठ्ठीशिवाय माइक उघडायचा.

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळं झालं."

घरी आल्यावर योनेजींनी हे ऐकलं आणि सोलायची पातळ सळई खाली ठेवली. "अगं, साधं तोंड उघडायचं होतं! लोकांची आठशे नावं घेतलीस, घरच्या पोराच्या वेळी मूग गिळून बसलीस?"

"यादीत नव्हतं."

"यादी काय देवानं लिहिली होती?"

बाईंनी ती सळई उचलली आणि रताळं सोलायला घेतलं.

जानेवारीत कंपनीकडून खेळाची डबी आली. शूहेई रविवारी स्वतःचं यंत्र घेऊन आला. सकाळभर बापलेकांनी जाळ्यांवरची रताळी उलटली, दुपारी तिघं कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबेत पाय घालून बसले, मध्ये चहा आणि कालची मऊ रताळी. टीव्हीवर मोठ्या डोक्यांची, बुटकी बुटकी मुलं मैदानावर धावू लागली आणि बाईंचा आवाज घरभर घुमला. योनेजींनी टीव्हीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. "दोघी एकदम नका बोलू, म्हणजे झालं," ते म्हणाले.

शूहेईनं एक मुलगा तयार केला. नंबर सतरा. आडनाव कामोशिदा. पडद्यावर नावापुढे बारीक अक्षरांत आलं, आवाज उपलब्ध नाही.

"आई, आपलं नाव नाही यात."

"माहीत आहे."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"तिचा नियम आड आला," योनेजी म्हणाले. "मला विचारू नकोस, मी बोलून दमलो."

शूहेई हसला आणि खेळू लागला. खेळला वाईटच. शेवटच्या डावापर्यंत अकरा धावांनी मागे होता आणि बाप प्रत्येक बॉलला सल्ला देत होता. एक जण बाद झाल्यावर शूहेईनं बॅटर बदलला. टीव्हीतून बाईंचा आवाज आला, "बदली बॅटर," आणि पुढे काहीच आलं नाही. बाकावरून सतरा नंबर उठला आणि मुकाट्यानं निघाला.

दोनच पावलं गेला असेल. शूहेईनं खेळ थांबवला. ते छोटं पोरगं बॅट घेऊन वाटेतच थबकलं.

"त्या दिवशी मी गुडघ्यावर बसलो होतो ना," शूहेई टीव्हीकडे बघतच म्हणाला, "तेव्हा बॉलचा विचार डोक्यातच नव्हता. मी तीन बॉलांत बादच झालो असतो. मला वाटत होतं, आता आई माझं नाव घेणार. कसं घेईल? बाकीच्यांसारखंच, की थोडं वेगळं? तेवढंच ऐकायचं होतं मला."

योनेजींनी हातातलं रताळं खाली ठेवलं. बाई उठल्या.

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि चहाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात सुयादोरे होते, बटणं होती, आणि तळाशी चार घड्या घातलेला पिवळा पडलेला कागद होता. त्यांनी तो मुलासमोर उलगडला. पंचांचं पेन्सिलीचं गिचमिड अक्षर. ओताके, पुढे लाल खूण. कामोशिदा, सतरा, पुढे काही नाही.

"हे तू ठेवलंस?"

"काम अर्धं राहिलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा घोट घेतला, पाठ ताठ केली. "चिठ्ठी आलेली आहे. चालव त्याला."

"आई, तो भराभर चालतो. मला त्याला हळू चालवता येत नाही."

"ते मी बघते."

शूहेईनं बटण दाबलं. सतरा नंबर चालू लागला.

"कामोशिदा-कुन," बाईंनी म्हटलं, "नंबर सतरा."

इतर आठशे साठ मुलांसारखंच म्हटलं. पहिलं अक्षर बाकापाशी आणि शेवटचं त्याचा पाय बॅटिंगच्या चौकोनात पडला तेव्हा. फक्त म्हणून झाल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की त्या तशाच हसत राहिल्या.

पहिला बॉल शूहेईनं सोडून दिला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, हवेत. तिसऱ्यावरही हवेतच. पडद्यावर पुढचा बॅटर येऊन उभा राहिला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"बाद?" योनेजींनी विचारलं.

"बाद," शूहेई म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसले.

बाईंनी डब्यातून लाल पेन्सिलीचा तुकडा काढला आणि दुसऱ्या नावापुढे खूण केली. कागदाच्या होत्या तशा घड्या घातल्या.

थोड्या वेळानं शूहेई म्हणाला, "आई, परत एकदा घेशील?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "चिठ्ठी?"

योनेजी आधीच कागद शोधायला उठले होते.