गोडाच्या पुढे

केळीच्या पानाच्या घडीतून एक थेंब ओघळत होता. फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा. बांबूच्या टोपलीखाली होस्नियाने बशी ठेवली होती, आणि बशीत कालच्यापेक्षा जास्त पाणी जमलं होतं — ढगळ, किंचित फेसाळ. वास अजून गोडच, पण त्या गोडामागून दुसरंच काहीतरी डोकावू लागलेलं... तिने झटकन दार लावलं. दार लावून काय थांबतं?

आईने तापेची, म्हणजे विरजण लावून आंबवलेल्या कसाव्याच्या कंदाची, ही टोपली भरली आणि त्याच दुपारी ती बसल्या जागी गेली. कसावा सोललेला, वाफवलेला, सुपात पसरून गार केलेला. एक तुकडा उचलून ती गालाला लावून बघायची, जरासा कोमट लागला तरी विरजणाच्या पुडीला हात लावायची नाही. मन जड असताना तापे लावू नये, आंबट होतं, असं आमच्या बोंडोवोसो गावातल्या सगळ्या बायका म्हणतात, तीही म्हणायची — म्हणजे त्या सकाळी तिचं मन हलकं असणार, एवढंच मी धरून बसले आहे, होस्निया स्वतःशी म्हणे. संध्याकाळच्या आत आम्ही तिला दफन करून आलो, आणि ही टोपली कोपऱ्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आपली आपण गोड होत राहिली. आई नसताना.

आज शाळेत नेमका पिष्टाचा धडा. तिने मुलींना भाताचा घास दिला. “गिळायचा नाही. नुसता चावत राहा.”

“बाई, सोबत कोंबडी नाही का?” फाइरुस म्हणाली. वर्ग हसला. होस्नियाही हसली, आणि आपण हसलो याचंच तिला वाईट वाटलं.

“अय्या, गोड लागतंय!”

पिष्ट म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, ती सांगत होती, लाळेतलं विकर ती साखळी तोडतं, तापेच्या विरजणातली बुरशीही हेच करते...

“मग गोड झालं की थांबतं, बाई?”

“नाही. साखरेची दारू होते. दारूचं आंबट.”

“थांबवायचं असेल तर?”

“उकळायचं. विकर मरतं.”

मरतं, हा शब्द तिने रोज वापरला होता. आज तो खडूबरोबर हातात राहिला.

घरी मावशी चटया अंथरत होती. “आलीस, बिंग?” तिने लेकीला मारावी तशी लाडाची हाक मारली. “आज सातवा दिवस ना? ती टोपली काढ. दुआला येतील त्यांच्या पानात एकेक तुकडा पडू दे, त्याचा सवाब, त्याचं पुण्य ताईला पोचेल.”

“राहू दे ना, मावशी.”

“राहू दे, राहू दे म्हणत त्याचा शिरका करणार आहेस? खायची वस्तू आहे बाई ती, फोटो नाही भिंतीवर टांगायला.”

मावशीचं काय चुकत होतं? उकळावं तर मरणार, ठेवावं तर नासणार, वाटावं तर संपणार. यातलं एकही मला नको आहे. मला ती टोपली हवी आहे, आजच्यासारखी, कायमची.

तिने फ्रिज उघडून टोपलीवरचं पान उलगडलं. वरच्या तुकड्यावर खळगा होता, टोपली भरताना आईने अंगठ्याने दाबला होता तो. तापे मऊ पडत चाललं होतं, खळग्याच्या कडा बसत आल्या होत्या. उद्या नुसता लगदा. होस्नियाने तो तुकडा अलगद उचलला आणि काही ठरवायच्या आत तोंडात ठेवला.

दात लावले नाहीत. जीभही हलवली नाही. पण लाळ सुटली — तिला कुणी सांगितलं नव्हतं — आणि तो खळगा तिच्या तोंडातच विरघळू लागला. तापे अजून गोड होतं. आंबट असतं तर सोसलं असतं.

“आणतेस ना गं?” बाहेरून मावशीने विचारलं.

उत्तर द्यायचं तर गिळायला हवं होतं. ती फ्रिजच्या उघड्या दारात तशीच उभी राहिली, तोंड घट्ट मिटून.