नवं पायताण

उद्या हिमाचलच्या ट्रेकला निघायचं होतं. स्लीपिंग बॅग, रेनकोट, टॉर्च, औषधं, सगळं सॅकमध्ये कोंबून झालं आणि बूटच सापडेनात. खास बारामतीहून आणलेले, मी अजून पायातही न घातलेले. घर पालथं घातलं. धाकट्या बहिणीवर, छकुलीवर, उगाच खेकसलो.

तेवढ्यात आबा उसाला पाणी देऊन आले. माझे बूट त्यांच्या पायात, चिखलानं बरबटलेले.

शेजारचे गेणूतात्या ओट्यावर बसले होते, तरी मी तोंड आवरलं नाही. "जन्मात कधी बूट बघितलं न्हाय का? पोराची वस्तू पळवायला लाज वाटत न्हाय तुमाला?"

आबा पायरीवर टेकले. त्यांनी सावकाश नाड्या सोडल्या. बूट निघाले, तशा दोन्ही टाचा दिसल्या. सोललेल्या, लालभडक.

गेणूतात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"नवं पायताण चावतं बाबा," आबा म्हणाले. "तितं डोंगरात तुझं पाय सोललं, तर कोण हाय बघायला?"

मग बुटाची टाच अंगठ्यानं दाबून बघत म्हणाले, "अजून जरा कडक हाय. सकाळपातुर घालतो, मग ने."