शून्य बरोबर दाखवणारा काटा

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल रविवारी सकाळी साडेआठलाच भरला. खुर्च्या संपल्या तसे लोक भिंतीला टेकून उभे राहिले, काही जण जिन्यात पायऱ्यांवर बसले. सगळ्यांची नजर समोरच्या वजनकाट्यावर. त्यावर बेकरीवाला चढला, दोन्ही हात छातीशी धरून. सात आठवड्यांपूर्वी याच काट्यावर तो एकशे पंचवीस किलो भरला होता. लाल आकडे जरा थरथरले आणि एकशे सोळा किलो तीनशेवर थांबले.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबा खुर्चीतून उठले. लोक त्यांना हलकेबाबा म्हणत, पण स्वतः चांगले भरदार होते आणि उठताना त्यांना खुर्चीच्या दोन्ही हातांचा आधार लागे. याबद्दल कुणी विचारलंच तर, तुमचा सगळ्यांचा भार मी माझ्या अंगावर घेतो, असं ते सांगत. उत्तर तयारच असायचं.

"शरीर जड नसतं, मन जड असतं," बाबा म्हणाले. "पथ्य नको, पळापळ नको. जेवणाआधी माझं हलकं पाणी एक घोट घ्या, बाकी माझ्यावर सोडा. ज्याचा भार मोठा, त्याच्यावर माझी माया मोठी."

आणि खरंच, सव्वाशे किलोचा माणूस पावणेनऊ किलोंनी उतरला होता, तर साठ किलोची एक शाळेतली शिक्षिका चार किलोंहून जरा जास्त. माया वजनाच्या हिशेबात कशी पडते, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

काटेबाईलाही वाटलं नाही, आणि खरी खंत तीच आहे. ही बाई एकोणीस वर्षं कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं जोखत होती. नाव मागे पडून ऑफिसात, शेजारात सगळे तिला काटेबाईच म्हणू लागले होते. रोज सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम ठरलेलं: काटा सपाट बसल्याचं दाखवणारा बुडबुडा मधोमध आहे का, शून्य आहे का, आणि मग वीस किलोचं प्रमाणित लोखंडी वजन ठेवून काटा वीसच दाखवतो का. त्याशिवाय ती पाकीटसुद्धा घ्यायची नाही. हॉलमधली गर्दी पांगल्यावर ती सवयीनं बाबांच्या काट्यापाशी गेली आणि वाकून पाहिलं. बुडबुडा मधोमध होता. रिकाम्या काट्यावर चार शून्यं स्वच्छ होती. काटा चांगल्या बनावटीचा होता. तिला तेवढं पुरलं.

का पुरलं, हे समजायला तिचा दिवस बघावा लागेल. पहाटे पाचला उठून सहा जणांचे डबे, आठला बस, दहा तास काउंटर. दुपारचा डबा गिऱ्हाइकांच्या मधे तीन हप्त्यांत. चारला डोळे मिटायला लागले की बिस्किटांचा पुडा. घरी आल्यावर स्वयंपाक, मुलांच्या ताटातलं टाकवत नाही म्हणून उभ्यानं खाल्लेलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर साडेदहाला स्वतःचं ताट. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन शहाऐंशी झालंय, आठच्या आत जेवा, अर्धं ताट भाजी घ्या, रोज अर्धा तास चाला. ती म्हणाली होती, तो अर्धा तास कुठल्या औषधाच्या दुकानात मिळतो तेवढं लिहून द्या. डॉक्टर बिचारा हसला. बाबांनी अर्धा तास मागितलाच नव्हता. थकलेल्या माणसाला कोण आवडतं? जो काही मागत नाही तो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ते खोटं नाही, फक्त काडी विकणाऱ्याचं नाव म्हणीत घालायचं राहून गेलंय.

घरी तिची थोरली जाऊ होती. दोन भावांचे दोन संसार एकाच घरात, एकच स्वयंपाकघर. ताई दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली, सात वर्षांची साखर, आणि जिभेला धार. बाबा-बुवा म्हटलं की ताई नुसती भुवई वर करायची. काटेबाईनं हलक्या पाण्याची गोष्ट सांगितली तेव्हाही तिनं कात्री खाली ठेवली नाही.

"तू स्वतः पाहिलंस?" तिनं तेवढं विचारलं.

"काटा मी वाकून पाहिलाय, ताई. माणसं खोटं बोलतील, पण मी काट्यावर म्हातारी झालेय."

ताईनं कात्री ठेवली आणि पुढच्या रविवारी दोघी जावा एकत्र गेल्या.

नियम दोन होते. मधल्या आठवड्यात नवा माणूस घ्यायचा नाही, नाहीतर मायेची साखळी तुटते. आणि सात आठवडे दुसऱ्या कुठल्याही काट्यावर पाय ठेवायचा नाही, नाहीतर माया सांडते. काटेबाई दिवसाचे दहा तास वजनकाट्याच्या शेजारी उभी असे आणि सहा आठवडे ती त्यावर चढली नाही. पार्सल ठेवताना चुकून पायाचं बोट लागलं तर दचकायची. हसावं की रडावं? तुम्हीच ठरवा.

आकडे मात्र उतरत गेले. दर रविवारी थोडेथोडे, सगळ्यांचे. आणि आकडे उतरले की माणूस सैलावतो. चारच्या पुड्याचे दोन पुडे झाले. ताईनंही चहात साखर घेतली, सात वर्षांनी. चौथ्या रविवारी बाबा म्हणाले, हलक्या देहाला गोळ्यांचं ओझं कशाला? घरी येताना ताईनं जावेला विचारलं, काय करू. काटेबाईच्या पिशव्या जड होत्या, बस भरलेली होती. ती म्हणाली, अडीच किलो उतरलंय ना, वजन उतरलं की साखर उतरते असं डॉक्टरच म्हणाले होते. ताईनं दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या.

पुढच्याच आठवड्यात ताईच्या डाव्या करंगळीला चप्पल लागली. साधं खरचटलं होतं. दहा दिवसांनी बोट काळसर दिसायला लागलं आणि वास येऊ लागला, तेव्हा काटेबाई अर्धी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी आधी रक्ताचा थेंब तपासला आणि चेहरा पडला. मग वजन केलं. ऐंशी.

काटेबाई म्हणाली, तुमचा काटा बिघडलाय. रविवारी पंचाहत्तर किलो दोनशे ग्रॅम होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. जवळजवळ पाच किलोंचा फरक, कुठल्या मेकॅनिककडून दुरुस्त करून घेता, माझ्याकडे चांगला माणूस आहे, नंबर देते. जखमेवर कापूस ठेवता ठेवता डॉक्टरांनी हे सगळं ऐकून घेतलं. बाहेर अजून वीस पेशंट बसले होते.

"बाई, तुमच्याकडे वजनं असतील ना? आणा आणि माझ्या काट्यावर ठेवा. चूक निघाली तर मलाही कळू दे. पण यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या."

ताईला दाखल केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून काटेबाईनं विसाचं लोखंड चाकांच्या पिशवीत घातलं आणि दवाखान्यात नेऊन काट्यावर ठेवलं. वीस. उचलून परत ठेवलं. वीस. मग ती स्वतः चढली. सत्त्याऐंशी. सहा आठवड्यांपूर्वी शहाऐंशी होती.

आता तिला आठवलं, हॉलमध्ये तिनं फक्त शून्य पाहिलं होतं. रिकामा काटा शून्यच दाखवतो, त्यात काय मोठं? खोटा काटा खोटं बोलतो ते भार पडल्यावर. नव्या लागलेल्या पोरींना ती हे पहिल्या दिवशी शिकवायची. बाबांच्या काट्यावर वजन ठेवून पाहायचं तिला सुचलं नाही असं नाही. सुचू दिलं नाही, हे जास्त खरं.

सातव्या रविवारी ती चाकांची पिशवी जिन्यावरून एकेक पायरी ओढत हॉलमध्ये आली. रांगेत पहिला नंबर लावला. मदतीला म्हणून बेकरीवाला आता काट्यापाशी उभा असे. त्यानं नमस्कार केला. तिनं लोखंड उचलून काट्यावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हे वीस किलो आहे, यावर सरकारी छाप आहे.

लाल आकडे अठरा किलो सहाशेवर थांबले.

बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि हसले.

"बघा. लोखंडावरसुद्धा माया झाली."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! काटेबाई त्या टाळ्या ऐकत उभी राहिली. पाठ दुखत होती. रागावायलासुद्धा अंगात जोर लागतो, तो तिच्याकडे उरला नव्हता. ती सावकाश म्हणाली, असेल माया. मग खाली कोपऱ्यावर किराणा दुकान आहे, त्याच्या पोत्यांच्या काट्यावर हे ठेवू. माया झाली असेल तर तिथेही अठराच भरेल. कोण येतं?

पहिल्यांदा कुणी हललं नाही. मग शिक्षिका उठली, मग पाचसहा जण, मग बेकरीवाला. दुकानाच्या काट्यावर लोखंड वीस किलो भरलं. दुकानदार वैतागून म्हणाला, वीसच भरणार, काय झालं? बेकरीवाल्यानं चपला काढल्या आणि काट्यावर चढला. एकशे सत्तावीस. तो बराच वेळ खाली उतरला नाही.

वर येऊन काटेबाईनं रिकामा काटा उलटा केला. अधिकारी दरवर्षी तपासून तारेला शिशाचा शिक्का मारतात, तो तुटलेला होता. तिनं दाखवलं आणि सांगितलं. काटा आतून जुळवता येतो. आमचा मेकॅनिक येतो तेव्हा तेच करतो, वजन ठेवतो आणि आकडा बरोबर करून घेतो. याच हातानं आकडा चुकीचाही करता येतो. दर शनिवारी शंभरातला एक कमी करायचा. सात आठवड्यांत शंभराचे त्र्याण्णव. मग नव्या तुकडीसाठी परत शंभर, आणि जुन्यांना काट्यावर घ्यायचं नाही. म्हणून जाड्याचं जास्त उतरतं, बारक्याचं कमी. म्हणून मधे नवा माणूस नको, कारण त्याला त्याचं खरं वजन ठाऊक असणार. म्हणून दुसरा काटा नको. पाण्याचं विचाराल तर बाटली मी जोखलीय. लिटरभर पाणी एक किलो भरतं, हलकंबिलकं काही नाही, नळाचं आहे.

बाबा म्हणाले, या बाईनं साखळी तोडली. त्यांची खुर्ची मागे सरकली. आणि सांगायला लाज वाटते, पण दहाबारा जण त्यांच्या बाजूनं उभे राहिले. एक बाई काटेबाईला म्हणाली, तुम्हाला आमचं चांगलं झालेलं बघवत नाही. बाकीचे मात्र गेले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. सात आठवडे हलकं वाटत होतं, ते जिन्यातच संपलं. बेकरीवाल्यानं जाताना तिची पिशवी खाली नेऊन दिली. शिक्षिकेनं तक्रार लिहिली, पोलिसांनी काटा उचलून नेला आणि बाबांना बोलावणं गेलं.

मंगळवारी ताईची करंगळी काढली. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, बोटावर निभावलं हे नशीब समजा. काटेबाई जनरल वॉर्डात पलंगाशेजारी स्टुलावर बसून होती. घरी तिचा नवरा आणि दीर पहिल्यांदाच स्वयंपाकघरात उभे होते. भात करपला होता, पण जेवणं आठला आटोपली होती. तिनं हे ताईला सांगितलं. मग हॉलमध्ये काय झालं ते सांगितलं, आणि बाबांना चार शिव्या दिल्या.

ताईनं सगळं ऐकलं.

"त्याच्यावर मी कुठे विश्वास ठेवला होता?" ती म्हणाली. "मी तुझ्यावर ठेवला होता."

काटेबाईला रडू आलं. तिनं ते थांबवलं नाही. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं तोंड फिरवलं. मग काटेबाई बोलली.

"माझ्यावरही ठेवायचा नव्हता, ताई. विचारायचं होतं. काय तपासलंस, कसं तपासलंस, कशावरून म्हणतेस. मी सांगू शकले नसते."

"विचारलं होतं. तू स्वतः पाहिलंस का, म्हणून."

"पाहिलं होतं. तपासलं नव्हतं."

नर्स गोळ्यांची वाटी ठेवून गेली. ताईनं वाटी हातात घेतली, पण तोंडाकडे नेली नाही.

"आणि गोळ्या घ्या म्हणणारा आपला डॉक्टर खरा कशावरून?"

काटेबाईनं डोळे पुसले. या प्रश्नाचा तिला राग आला नाही. उलट महिनाभरात कुणीतरी पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललं असं वाटलं.

"कारण तो म्हणाला, माझा काटा तपासून बघा. बाबा म्हणाले होते, दुसरीकडे तपासू नका. आठ दिवस गोळ्या घ्या, जेवण वेळेवर घ्या. नवव्या दिवशी रक्त तपासू, ते त्याच्या दवाखान्यात नाही, दुसरीकडे. साखर उतरली नाही तर त्यालाही जाब विचारू. दोघी जाऊन."

ताईनं जरा विचार केला. मग गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.