गळ्यातला दोरा

“अंगावरचं इष्टलिंग सुटलं, तर ते परत येईस्तोवर पाण्याचा थेंबबी घशाखाली उतरवायचा न्हाई, उमा.” माझी आई, अव्वा, हे सांगायची तेव्हा मी परकरी पोर होते; आम्ही लिंगायत, दोऱ्यात बांधून गळ्यात घातलेलं हे लिंग जन्मभर अंगावर ठेवायचं. माझ्या नवऱ्यालाही त्यांच्या घरी हेच शिकवलेलं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या कचेरीच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता आणि नळाला पाणी नव्हतं. दुष्काळाचं निमित्त करून डाळमिलवाल्यांनी हमालांचा पाण्याचा रांजण उचलला, म्हणून यांनी युनियनची सभा घेतली. सभेतूनच पोलिसांनी यांना आणि आणखी काहींना नेलं. कोठडीत घालताना कमरेचा पट्टा काढावा तसा गळ्यातला लिंगाचा दोरा काढून घेतला. तेव्हापासून यांनी ना अन्नाला हात लावला, ना पाण्याला.

बाहेर बातमी झाली, गुरुबसप्पांचं कोठडीत आमरण उपोषण! परदेशातल्या कामगार संघटनांच्या तारा सरकारकडे आल्या. देशात आधीच आलेला त्यांचा एक पाहुणाही तिसऱ्या दिवशी चौकशीला येऊन विश्रामगृहावर उतरला.

मग पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी मला बोलावलं. यांचं लिंग टेबलावर, चहाच्या बशीशेजारी ठेवलेलं. मी आधी ते पदरात घेतलं.

“बाई, पाहुण्याला एवढंच सांगा, हा तुमच्या धर्माचा नेम होता. खरंच आहे ना? नवरा आजच घरी येईल. जा, भेटून या.”

फाटकाशी युनियनचे रामकिशनभाऊ उभे. “वहिनी, उपोषणच म्हणा! सारं जग बघून राहिलंय. लिंगाचं नाव काढलं तर हसतील आपल्याला.”

“लिंगाला हसतील, भाऊ?”

“तसं न्हाई हो...” ते टाचेनं माती उकरत राहिले.

कोठडीत यांनी माझ्याकडून लिंग घेऊन पूजा केली, विभूती लावली, मग माझ्या तांब्यातलं पाणी प्याले. मी दोन्ही निरोप सांगितले.

“साहेबांचं ऐकलं तर आज सुटाल.”

“आन् बाकीचे?”

“त्यांचं काही बोलले न्हाईत.”

हे हसले. “तू सगळं सांग. उपोषण नव्हतं, हेबी सांग. आन् लिंग कुणी काढलं, सभा कशापायी होती, तेबी.”

“मग तुम्ही सुटणार न्हाई.”

“लिंग हाय आता. जेवीन की. सांगशील?”

“सांगेन.”

घरी येऊन सांजेच्या पूजेला बसले. माझं लिंग गळ्यातून काढून तळहातावर घेतलं; पूजेत त्यावरून नजर हलू द्यायची नसते. आज हलली, दाराशी यांच्या वहाणांकडे गेली. पूजा पुन्हा पहिल्यापासून केली. मग डोक्यावर पदर घेतला, दाराला कडी लावली आणि विश्रामगृहाच्या रस्त्याला लागले.