काकानं आगीला दोर बांधला

यावर कुणाचा बापही विश्वास ठेवणार नाही, पैज लावतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या मी त्याला हेच म्हटलं. "बाबा रे, वस्तरा जरा लांब धर. हसलास तर माझा कान जाईल."

आमची दोर वळणाऱ्यांची आळी टेकाडावर, टोपलीवाल्यांची खाली. मध्ये विहीर एक आणि भांडण पिढीजात. एका दुपारी खालच्यांनी आमच्या पोहऱ्याचा दोर कापला. काका चवताळला.

"आज त्यांच्या टोपल्यांची होळीच करतो!"

काकू आडवी आली. "अहो, आग कुणाची सगी नसते."

"तू आत बस," म्हणत काकानं तिला घरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

मग काथ्याच्या दोराचा हत्तीच्या पोटाएवढा गुंडा केला, तेलात बुचकळला, पेटवला आणि लाथ मारून उतारावर सोडला. खाली बायकापोरं किंचाळत घराबाहेर पडली. काका खदखदा हसत होता. हसता हसता त्यानं मागे दाराकडे पाहिलं.

दोराचं टोक मोकळं राहिलं तर पीळ उलगडतो. म्हणून गुंडा करायच्या आधी टोक खुंटीला बांधायचं, ही आमच्या हातांची जन्माची खोड. डोकं फिरलं तरी काकाचे हात चुकले नव्हते. आणि खुंटी होती आमच्याच दाराला.

गुंडा उलगडत गेला आणि विहिरीपाशीच संपला. मागे पेटता दोर उरला, थेट दारापर्यंत. आग उताराला रेंगाळते, चढाला पळते. ती वर निघाली. वर गवताचं छप्पर, अंगणभर सुका काथ्या.

"कडी काढा!" काकू आतून दार बडवत होती. काकाचे पाय जागचे हलेनात.

"मग?" न्हाव्यानं विचारलं.

"मग काय! मी झेप घेतली आणि जळता दोर दातांनी तोडला. आग जागीच विझली. काकू हसत बाहेर आली."

न्हावी हसला नाही. तो खालच्या आळीतला, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"थाप मारताय, आजोबा," तो हळूच म्हणाला. "आग विझली असती तर टेकाडावर आज तुमची आळी असती. आमची माणसं पाणी घेऊन वर धावली होती. माझी आजी सांगायची, तोवर कडी लाल झाली होती. कुणाचाच हात लागेना."