कोटाची उंची

प्रयोगशाळेत पेशींचं खाद्य बदलून झालं की मुंगी हातमोजे काढायची, फोन उचलायची, विद्यापीठाचं पान उघडायची, ‘अर्ज विचाराधीन आहे’ हे वाक्य वाचायची आणि फोन उपडा ठेवायची. मग नवे हातमोजे. हे इतक्या वेळा चालायचं, की भांडार सांभाळणाऱ्या काकांनी शेवटी विचारलंच, “काय गं, हातमोजे खातेस की काय?”

मुंगी चांगली ताडमाड मुलगी. पण सतत काहीतरी वाहून नेत असायची, रांगेत मांडत असायची, म्हणून ढापणीने तिला मुंगी केलं. आणि बुटक्या, जाड भिंगांच्या मैत्रिणीला तिने ढापणी केलं. फिट्टंफाट. दोघी एका वर्गातल्या, एका बाईंच्या हाताखालच्या, आणि आता पदवीनंतर एकाच प्रयोगशाळेत मदतनीस. संशोधनासाठी अर्ज दोघींनी बऱ्याच ठिकाणी केले होते, पण जीव एकाच ठिकाणी टांगलेला होता. लांबच्या, थंड गावातला तो एक गट. दोघींच्या मुलाखती झाल्या होत्या. बाईंनी आधीच बजावलं होतं, “जागा एकच असणार, पोरींनो.”

“मग दुसरी पहिलीच्या बॅगेतून जाईल,” ढापणी म्हणाली होती.

“मी तुझ्या बॅगेत मावणार नाही.”

“घडी घालू.”

तेव्हाच त्यांचं ठरलं होतं: निकाल आला तरी कुणी एकटीने उघडायचा नाही. उपाहारगृहामागच्या पायऱ्यांवर बसून दोघींनी एकदम.

अर्ज लिहिताना ढापणी पहिल्याच वाक्याला अडली होती. काचेच्या तळावर वाढणारी निरोगी पेशी शेजारणीला टेकली की वाढायची थांबते. तिला कळतं कसं, की आता पुरे? हा प्रश्न मुंगीचा. पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकातून बघताना तिला पडलेला, आणि तेव्हापासून डोक्यात घर करून बसलेला. “हा घे,” तिने सांगितलं. ढापणीने भिंगांवरून बघितलं. “नक्की?” “माझ्याकडे प्रश्नांचा काय दुष्काळ आहे?” असं म्हणून मुंगीने स्वतःच्या अर्जात दुसरा प्रश्न घातला. तोही चांगला होता. पहिल्याइतका नव्हता.

घरी वाट बघण्याचं काम आईनेही अंगावर घेतलं होतं. कपडे लहानमोठे करून देणं हा तिचा धंदा, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. बाबांचा जुना लोकरी कोट उसवून तिने मुंगीसाठी नव्याने बेतला, आत जाड अस्तर लावलं, खिसे खोल केले. निकालाचं ती विचारायची नाही, फक्त म्हणायची, “जरा हात वर कर.” मुंगी हात वर करायची. आई टाचण्या ओठांत धरून भोवती फिरायची. टाचण्या तोंडात असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, हा तिचा दुकानाचा नियम.

नियम दादाला लागू नव्हता. तो डिलिव्हरीची गाडी चालवायचा आणि आल्या आल्या सुरू व्हायचा. “निकाल येईना कारण त्यांनी हिची उंची वाचली. आता सुतार बोलावून दारं वाढवून घेतायत.”

आईला टाचण्यांसकट हसू आलं आणि तिने त्याला पट्टीने हाणलं.

त्या आठवड्यात प्रयोगशाळेत पेशी गोठवायच्या होत्या. पुढच्या वर्षाच्या कामासाठी त्या बोटभर कुप्यांत भरून अतिथंड टाकीत ठेवतात. कुप्या बाहेर काढल्या की मिनिटभर जरी इकडेतिकडे झालं तरी पेशी मरतात, म्हणून इथली एक रीत होती: जी माणसं पुढे त्या कुप्या उघडणार, त्यांची खूण झाकणावर आधीच काढायची, म्हणजे शोधाशोध नको. मुंगीची खूण मुंगी. ढापणीची दोन गोल आणि मधे दांडी. कामं निम्मी निम्मी वाटलेली होती आणि खुणा काढायचं काम या खेपेला ढापणीकडे होतं.

मुंगीने डबा उघडला. पहिल्या रांगेत मुंग्या. दुसऱ्या रांगेत मुंग्या. बारीक पेनाने, सहा पायांच्या, मिशांसकट, फार प्रेमाने काढलेल्या. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत मुंग्याच. चष्मा एकही नाही.

आधी तिला हसू आलं. वाटलं, कार्टी कामं माझ्या गळ्यात मारतेय. मग हसू अर्ध्यावरच राहिलं. ढापणीचा फोन हल्ली पिशवीतच असतो, हे तिला आठवलं. आठवड्यापूर्वीपर्यंत तिचाही अंगठा ते पान उघडून उघडून झिजत होता. रविवारच्या पाळ्या ढापणी आपण होऊन मागून घेतेय. बाटल्या धुतेय, न सांगता. आणि बाई परवा उगाचच म्हणाल्या होत्या, “तू आहेस म्हणून मला या कामाची काळजी नाही.”

ज्याला उत्तर मिळालंय, तोच बघायचं थांबवतो.

डब्यातून थंड वाफ येत होती. मुंगीने आधी कुप्या टाकीत नेऊन ठेवल्या, कारण पेशींचा त्यात काही दोष नव्हता. मग ती धुण्याच्या खोलीत गेली. ढापणी कोपरापर्यंत फेसात होती.

“कधी आलं?”

ढापणीने नळ बंद केला नाही. “काय?”

“ढापणे.”

नळ बंद झाला. “मागच्या सोमवारी. मी चुकून उघडलं गं. नाही, चुकून नाही. राहवलं नाही म्हणून उघडलं. वाटलं होतं नकार असेल. म्हणजे मग तुझं झालं असेल, आणि पायऱ्यांवर मी नीट हसेन.”

“आणि माझं?”

“त्यांनी बाईंना कळवलंय. एकच जागा.” चष्म्यावर फेस उडाला होता, तो पुसायला तिचे हात कोरडे नव्हते. “तुला सांगायला रोज येत होते. रोज बाटल्या धुऊन परत जात होते.”

“मुलाखतीत काय विचारलं होतं त्यांनी तुला?”

ढापणीने फेसातली बाटली उपडी करून ठेवली.

“तोच प्रश्न ना?”

“जवळजवळ तेवढाच,” ढापणी म्हणाली. “मी सांगायला हवं होतं की तो तुझा आहे.”

“मी दिला होता,” मुंगी म्हणाली. हे खरं होतं, आणि त्यामुळे कुणावर रागावावं हेच तिला कळेना. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला निदान तोंड असतं. तिने पुढे होऊन ढापणीचा चष्मा काढला, आपल्या ओढणीने पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला. “चल. पायऱ्यांवर. ठरलंय ते ठरलंय.”

पायऱ्यांवर बसून मुंगीने पान उघडलं. वाक्य बदललं होतं. तिने ते एकदाच वाचलं, आणि फोन पहिल्यांदाच उपडा न ठेवता तसाच मांडीवर राहू दिला. ढापणी रडत होती. मुंगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि आपण हे का करतोय, उलटं असायला हवं ना, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

घरी आईने तिचा चेहरा बघितला आणि मशीनचा दिवा मालवला. खुंटीवर कोट तयार होता, बटणंसुद्धा लावून झालेली.

“उद्या ढापणी येईल,” मुंगी म्हणाली. “कोटाची उंची कमी करावी लागेल. बाह्याही.”

“अगं, पण तो तुझा...”

“तिच्याकडे धड स्वेटरही नाही, आई. आणि कोट तिथे जायला निघाला होता. जाऊ दे त्याला.”

दुसऱ्या दिवशी ढापणी स्टुलावर उभी राहिली. कोट तिच्या घोट्यांपर्यंत आला. दादा म्हणाला, “तंबू छान आहे, आत कोण राहतं?” कुणी हसलं नाही, तोही नाही.

“नको गं,” ढापणी कुजबुजली. “मी घेईन एखादा तिथे.”

“हात वर कर.”

आई कात्री घेऊन पुढे आली, थबकली. “कापत नाही. आत दुमडते. पुढच्या वर्षी उसवून पुन्हा...”

“काप, आई. दुमडलेलं जड होतं. तिला तिथे चालायचंय.”

आईने टाचण्यांची डबी लेकीच्या हातात दिली. मुंगी गुडघ्यांवर बसली, मूठभर टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक काढून कोटाच्या काठाला लावत ढापणीभोवती फिरू लागली, सारख्या अंतरावर, रांगेत. वरून ढापणी काहीतरी म्हणत होती, माफ कर, लिहीत जा, असलं काहीतरी. मुंगीने मान हलवली. मागे कात्रीचा आवाज सुरू झाला आणि लोकरीची रुंद पट्टी जमिनीवर पडली.

“झालं,” आई म्हणाली. “दे त्या टाचण्या.”

मुंगीने एकेक करून टाचण्या परत दिल्या. शेवटची मात्र तिने ओठांत तशीच धरून ठेवली, आणि आईने ती मागितली नाही.